बंदरावर आडनाव बदललं? नाही!

“फिलाडेल्फियाच्या बंदरावर इंग्रज कारकुनानं आमच्या जर्मन पूर्वजांचं आडनाव बदलून टाकलं” ही गोष्ट अमेरिकेतल्या कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती खरी नाही. १७२७ पासून तिथे उतरणाऱ्या, सोळा वर्षं पूर्ण झालेल्या जर्मन पुरुषांना राजनिष्ठेची शपथ घेऊन सही करावी लागे. कप्तानाची यादी वेगळी. तिच्यात इंग्रजी कानाला ऐकू आलं तसं नाव. पण शपथेच्या कागदावर जर्मन वळणाच्या अक्षरात, स्वतःच्या हातानं लिहिलेलं ‘म्युलर’ आजही वाचता येतं! निरक्षर माणूस फक्त खूण करी. म्युलरचा मिलर झाला तो नंतर, जमिनीच्या दस्तांत, करयाद्यांत, शेजाऱ्यांच्या तोंडी. काही झिमरमान तर थेट कार्पेंटर झाले. दोन्हींचा अर्थ सुतारच. पूर्वज शोधताना आधी तो सहीचा कागद बघा.