काळा असला तरी बगळाच

लहानपणी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवरून बगळ्यांची रांग जाताना दिसली, की नखावर नख घासून आम्ही त्यांच्याकडे पांढरी फुलं मागायचो. बगळा पांढराच असतो, याबद्दल शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

पुढे एकदा गुजरात किनाऱ्यावरच्या कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला गेलो. भरतीला हे देऊळ पाण्याखाली जातं, म्हणून ओहोटी गाठावी लागते. खंभातच्या आखातात उधाणाला पाणी १० मीटरहून अधिक चढतं-उतरतं. उतरलं की मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. त्या चिखलात पाटीच्या दगडाच्या रंगाचा एक बगळा दबकत चालला होता. "राखी बगळा दिसतोय," आत्या म्हणाली. पण राखी बगळा चांगला मीटरभर उंच असतो. हा जेमतेम दोन फुटांचा, आणि हनुवटी-गळा मात्र पांढरा स्वच्छ. त्या गळ्यानेच ओळख पटली. हा समुद्र बगळा, एग्रेटा गुलारिस. लॅटिनमध्ये ‘गुला’ म्हणजे गळा.

खरी पंचाईत पुढेच होती. थोड्या अंतरावर अगदी तसाच, पण पांढराशुभ्र पक्षी. तोही समुद्र बगळाच! एकाच जातीत काळपट आणि पांढरा असे दोन रंग असतात. नर-मादीशी किंवा वयाशी त्याचा संबंध नाही, रंग जन्मजातच ठरतो. मग हा पांढरा आणि बडोद्यातल्या सुरसागर तलावाच्या काठी दिसणारा लहान बगळा, यांत फरक करायचा कसा?

चोच बघा. लहान बगळ्याची चोच काळी, बारीक, सुईसारखी सरळ. समुद्र बगळ्याची मुळाशी जाडसर, टोकाकडे किंचित खाली झुकलेली आणि बहुधा पिवळट-तपकिरी. रंगावर मात्र फार विसंबू नये, कारण लहान बगळ्याच्या पिल्लांची चोचही फिकी असते. आकार सहसा फसवत नाही. मग पाय. बोटं दोघांचीही पिवळी, पण लहान बगळ्याचा पिवळेपणा मोज्यासारखा पंजापाशी संपतो, तर समुद्र बगळ्यात तो बऱ्याचदा नडगीवर चढलेला दिसतो. चालही वेगळी. आपण ज्याला बकध्यान म्हणतो ते समुद्र बगळ्याला फारसं जमत नाही. वाकून दबकतो, मध्येच पंख पसरून माशामागे धावत सुटतो.

एवढं पाठ करून मी डभोईजवळच्या वढवाणा तलावावर जातो. हा तलाव बडोदा संस्थानाने १९१० साली सिंचनासाठी बांधला, आणि २०२१ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. तिथे लोक पट्टकादंब हंस बघायला येतात, मी बगळ्यांच्या चोची मोजत बसतो. पण या दोन जातींचा संकरही होतो. चोच मधलीच, पाय मधलेच, असा एखादा समोर आला की वहीत मी नुसतं ‘बगळा’ लिहितो.