नदी उतरते तेव्हा : थंडीतल्या सोनेशोधाची पार्श्वभूमी

१८६२ च्या ऑगस्टमध्ये होरेशिओ हार्टली आणि ख्रिस्तोफर रायली न्यूझीलंडमधल्या डनीडिन शहरात आले ते ८७ पौंड वजनाचं सोनं घेऊन. दक्षिण गोलार्धात ऑगस्ट म्हणजे हिवाळा. वर डोंगरात पाणी बर्फ होऊन अडकलं होतं, त्यामुळे क्लूथा नदी चांगलीच उतरली होती आणि एरवी पाण्याखाली असणारे काठाचे रेताड पट्टे उघडे पडले होते. या दोघांनी हिवाळ्यात गुपचूप तेच पट्टे धुऊन काढले. बातमी फुटताच लोकांची रीघ लागली, पण पुढे बर्फ वितळू लागलं, नदी चढली आणि मागून आलेल्यांच्या वाट्याचे पट्टे पाण्यात गेले. पुढच्याच वर्षीच्या हिवाळ्यात त्याच ओटागो प्रांतात पूर आणि हिमवादळांनी कित्येक सोनेशोधकांचे जीव घेतले, हेही इथेच सांगून टाकलेलं बरं.

कडाक्याच्या थंडीत कमरेपर्यंत रबरी वेडर्स (बूट जोडलेली विजार) चढवून नदीत सोनं शोधत उभे राहणारे हौशी लोक पाहिले की हे खूळ अलीकडचं असावं असं वाटतं. तसं नाही. सोनं शोधणाऱ्यांना थंडीची अडचण होती तितकीच तिची गरजही होती. छंद नंतर आला.

कारण साधं आहे. सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट, तर नदीतल्या नेहमीच्या गारेच्या वाळूची जेमतेम २.६५ पट. पॅनमध्ये, म्हणजे रेती धुवायच्या उथळ थाळीत, तळाशी राहते ती काळी रेती, म्हणजे मुख्यतः मॅग्नेटाइट, तीसुद्धा ५.२ च्या आसपासच. एवढी जड वस्तू रोजच्या प्रवाहाने हलत नाही. ती हलते मोठ्या पुरात आणि पाण्याचा जोर ओसरला की जिथे असेल तिथे बसते : वळणाच्या आतल्या अंगाला, मोठ्या धोंड्याच्या मागे, कातळाच्या भेगांत. म्हणजे सोनं पूर आणून ठेवतो, पण ते हाती लागायला पाणी उतरावं लागतं. बर्फाच्या पाण्यावर वाहणाऱ्या नद्यांत पाणी सर्वांत कमी असतं ते शरदाच्या अखेरीपासून वसंताच्या तोंडापर्यंत.

नदीतलं सोनं म्हटलं की पहिल्यांदा आठवतो तो कॅलिफोर्निया. २४ जानेवारी १८४८ ला कोलोमा इथे अमेरिकन नदीवरच्या लाकूडगिरणीच्या पाटात जेम्स मार्शलला सोन्याचे कण दिसले. हाही हिवाळाच, पण तो योगायोग म्हणावा. तिथली कथा एवढ्यांदा सांगून झाली आहे की तिच्यावर जागा खर्च करण्यात अर्थ नाही. थंडीच्या दृष्टीने खरा धडा आहे तो क्लोंडाइकचा.

१६ ऑगस्ट १८९६ ला कॅनडाच्या युकॉन भागात रॅबिट क्रीकवर (पुढे त्याचंच नाव बोनान्झा क्रीक झालं) जॉर्ज कारमॅक, स्कुकम जिम आणि डॉसन चार्ली यांना सोनं सापडलं. शोध उन्हाळ्याच्या शेवटी लागला आणि काम सुरू झालं ते थेट हिवाळ्यात. तिथली जमीन बारमाही गोठलेली. सोन्याचा थर खाली कातळाला लागून. उन्हाळ्यात खणावं तर वरची माती चिखल होते, खड्ड्यात पाणी भरतं. हिवाळ्यात मात्र खड्ड्याच्या भिंती गोठून इतक्या घट्ट होतात की लाकडी आधार लावावे लागत नाहीत आणि पाणीही झिरपत नाही. मग लोक खड्ड्याच्या तळाशी जाळ लावायचे, तो रात्रभर जळू द्यायचे आणि सकाळी जेवढी माती सुटली असेल तेवढी उपसायचे. परत जाळ, परत उपसा. कातळ लागला की त्याच पद्धतीने आडवं खणत जायचं. धूर, कोंदट हवा, वर उणे चाळीसच्या खालचा पारा. उपसलेल्या मातीचे ढीग बाहेर गोठून पडायचे. त्यात किती सोनं आहे याचा अंदाज घ्यायला झोपडीत बर्फ वितळवून त्या पाण्यात एखादा पॅन धुऊन बघायचा, बस्स. खरी धुलाई वसंतात, ओढे वाहते झाल्यावर, लांबट पन्हाळ्यासारख्या स्लूस बॉक्समधून.

१७ जुलै १८९७ ला ‘पोर्टलंड’ हे जहाज सिअॅटलच्या धक्क्याला लागलं आणि त्यावरून उतरलेल्या सोन्याने अख्खी अमेरिका पेटली. ते सोनं मुख्यतः त्याच हिवाळ्यात उपसलेल्या ढिगांतून निघालेलं. सुमारे एक लाख माणसं युकॉनकडे निघाली असं मानतात. पोहोचली त्यांतली तीस-चाळीस हजार. सीमेवरचे पोलिस वर्षभराचा शिधा-सामान, म्हणजे जवळपास एक टन ओझं, बरोबर असल्याखेरीज आत सोडत नसत. ते ओझं थोडं थोडं करून चिलकूट खिंडीतून चढवताना बहुतेकांचा पहिला हिवाळा सरला. पोहोचेपर्यंत चांगल्या जागांवर खुंट्या ठोकून झाल्या होत्या. माझ्या मते या धंद्याचं छंदात रूपांतर इथेच सुरू झालं, कारण पोटापुरतं सोनं मिळणार नाही हे कळूनही त्यातले काही नदीकाठी राहिलेच.

स्कॉटलंडमध्ये तर सोनेशोधाचा हंगामच मालकाच्या मर्जीवर चालला. ऑस्ट्रेलियातून परतलेल्या रॉबर्ट गिलख्रिस्टने किल्डोननच्या ओढ्यांत सोनं शोधलं आणि १८६९ मध्ये शेकडो लोक तिथे तळ देऊन बसले. महिन्याला एक पौंड परवाना शुल्क, शिवाय निघालेल्या सोन्यात जमीनमालकाचा वाटा. पण सॅमन मासेमारी, हरणांची शिकार आणि मेंढपाळी यांना त्रास होतो म्हणून सदरलंडच्या ड्यूकने वर्षअखेरीस सगळं बंद केलं. मासे विरुद्ध सोनं हे भांडण तिथून सुरू झालं म्हणायला हरकत नाही. ते पुढे हिवाळी छंदाच्या मुळावर येणार होतं.

१९३० च्या दशकातल्या मंदीत अमेरिकेतली बेकार माणसं जुन्या ओढ्यांवर परतली. १९३४ पर्यंत सोन्याचा सरकारी भाव औंसाला २०.६७ डॉलरवरून ३५ डॉलरवर गेला होता, त्यामुळे दिवसभर राबून एखादी चिमूट मिळाली तरी पदरात काही पडे. याला छंद म्हणणं क्रूरपणाचं ठरेल. पण पॅन कसा फिरवायचा हे शहरी माणसांच्या एका पिढीला तेव्हा कळलं. १९४२ मध्ये युद्धासाठी अमेरिकी सरकारने सोन्याच्या खाणी बंद करवल्या आणि विषय तात्पुरता मिटला.

या छंदाचं दुसरं हत्यार म्हणजे जमिनीतला धातू ओळखणारा मेटल डिटेक्टर. त्याचं घराणं वेगळं. त्याचा नदीशी काही संबंध नव्हता. २ जुलै १८८१ ला अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्या अंगात अडकलेली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी विद्युतप्रवर्तनावर चालणारं एक उपकरण आणलं. प्रयोग फसला. गादीतल्या लोखंडी स्प्रिंगा आडव्या आल्या आणि डॉक्टरांनी गोळी जिकडे आहे असं धरलं होतं ती बाजूच चुकीची होती. सप्टेंबरात गारफील्ड गेले. जवळ पडलेल्या भलत्याच धातूने खरा आवाज झाकला जाणं ही तक्रार आजही प्रत्येक डिटेक्टरवाला करतो.

पुढचं पाऊल विमानांमुळे पडलं. मूळ जर्मन असलेले अभियंता गेरहार्ड फिशर अमेरिकेत विमानांच्या दिशादर्शक रेडिओ यंत्रणेवर काम करत होते. खनिजांच्या टापूवरून जाताना यंत्रणा चुकते, हे त्यांना दिसलं आणि त्या चुकीलाच कामाला लावून त्यांनी १९३० च्या दशकात जमिनीतला धातू शोधणारं यंत्र बाजारात आणलं. मग आलं युद्ध. स्कॉटलंडमध्ये असलेले पोलिश लष्करी अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी १९४१ मध्ये हातात धरून चालवता येईल असा सुरुंगशोधक बनवला. १९४२ मध्ये अल अलामेनच्या लढाईत सुरुंगांची मैदानं साफ करायला तो वापरला गेला. युद्ध संपल्यावर लष्कराचे असे उरलेसुरले शोधक स्वस्तात विकायला निघाले आणि ते हौशी लोकांच्या हाती पडले. जड, बॅटरीखाऊ आणि प्रत्येक खिळ्यावर ओरडणारे. ट्रान्झिस्टर आल्यावर वजन उतरलं. सत्तरच्या दशकात भंगार आणि कामाचा धातू यांच्या आवाजात फरक करणारी यंत्रं आली.

पॅन आणि डिटेक्टर ही दोन घराणी एकत्र आली ती मात्र यंत्रामुळे नव्हे, सोन्याच्या भावामुळे. १९७१ मध्ये डॉलरचा सोन्याशी असलेला धागा तुटला, १९७४ च्या अखेरीस अमेरिकी नागरिकांना पुन्हा सोनं बाळगता येऊ लागलं आणि जानेवारी १९८० मध्ये लंडनचा भाव औंसाला ८५० डॉलरला टेकला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात एका हौशी माणसाला डिटेक्टरने २७ किलोंहून मोठा गोळा सापडला. ‘हँड ऑफ फेथ’ नावाचा तो गोळा पुढे लास व्हेगासच्या एका कसिनोने दहा लाखांहून जास्त डॉलर मोजून घेतला. त्यानंतर डिटेक्टरच्या दुकानदारांना जाहिरातीची काय गरज! दरम्यान, निव्वळ पॅन फिरवण्याचीही स्पर्धा होऊ लागली होती : १९७७ मध्ये फिनलंडच्या लॅपलंडमधल्या टांकावारा इथे पहिली जागतिक स्पर्धा भरली. अर्थात उन्हाळ्यात.

डिटेक्टरवाल्यांचा हिवाळा कसा असतो ते भूगोलावर ठरतं. समुद्रकिनाऱ्यावर हिवाळी वादळं वाळू ओढून नेतात आणि खालचा जुना थर उघडा पडतो. हे नदीच्या उतरण्यासारखंच काम. इंग्लंडमध्ये पीक निघाल्यावर आणि नवं रोप वर येण्याआधी शेतं मोकळी असतात; हॉक्स्न इथला रोमन नाण्या-दागिन्यांचा प्रचंड साठा सापडला तो १९९२ च्या नोव्हेंबरात, एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधताना. शोध लावणाऱ्याने तो स्वतः उकरत न बसता लगेच कळवला, म्हणून पुरातत्त्वज्ञांना तो जागेवर नीट अभ्यासता आला. १९९६ चा ट्रेझर अॅक्ट, म्हणजे सापडलेल्या खजिन्याविषयीचा कायदा, आणि सापडलेल्या वस्तूंच्या नोंदीची योजना त्यानंतरची. खरी थंडी पडली की वेगळीच पंचाईत. गोठलेल्या जमिनीखालून आवाज आला, तरी खुरपं आत शिरत नाही. बॅटरी गारठून लवकर बसते, म्हणून राखीव बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात ठेवायची असते.

नदीवाल्यांनी थंडीवर मात करायला पाणबुड्यांचा वेटसूट उचलला. १९५० च्या दशकात निओप्रीन या कृत्रिम रबराचे सूट आले, त्यापाठोपाठ तळाची रेती ओढणारे सक्शन ड्रेज हौशी लोकांच्या हाती पोहोचले आणि बर्फगार पाण्यात तासन्‌तास राहता येऊ लागलं. सुटात गरम पाणी सोडण्याच्या युक्त्याही निघाल्या. इथे ते जुनं भांडण परत उभं राहिलं. सॅमन आणि ट्राउटच्या अनेक जाती शरदात आणि हिवाळ्यात नदीच्या खड्यांत अंडी घालतात, आणि ती अंडी वसंतापर्यंत तिथेच असतात. म्हणजे पाणी उतरतं आणि सोन्याची जागा हाताशी येते, नेमकी तेव्हाच ती जागा माशांची असते. कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये नद्यांतले सक्शन ड्रेज थांबवले. वॉशिंग्टन राज्यात कोणत्या नदीत कोणत्या तारखांना पाण्यात उतरून खणता येईल हे ठरवून दिलेलं आहे, आणि माशांच्या बहुतेक नद्यांत त्या तारखा उन्हाळ्यातल्या असतात. न्यूझीलंडमध्ये हौशी सोनेशोधासाठी राखून ठेवलेल्या जागांवर परवान्याशिवाय सोनं शोधता येतं, पण फक्त पॅन, फावड्यासारख्या हातहत्यारांनी.

त्यामुळे बऱ्याच ठिकाणी हिवाळी शोधकाच्या वाट्याला उरतो तो पाण्याबाहेरचा कोरडा कातळ आणि उघडा पडलेला खड्यांचा पट्टा. तो आकड्याने भेगा खरवडतो, भेगेतल्या शेवाळासकट माती बादलीत भरतो, छोट्या कॉइलचा (धातू टिपणाऱ्या चकतीचा) डिटेक्टर कातळावरून फिरवतो आणि बादली घरी नेऊन कोमट पाण्यात धुतो. बारीक सोनं पाण्यावर तरंगून निसटू नये म्हणून त्यात साबणाचा एक थेंब टाकतो.