वनकार्बन योजनांतील समुदायांचे हक्क

जंगल टिकवल्यामुळे रोखल्या गेलेल्या कार्बन उत्सर्जनाचा वा ते वाढवल्यामुळे शोषल्या गेलेल्या कार्बनचा हिशेब मांडून त्याचा मोबदला देणाऱ्या योजनांत, त्या जंगलावर पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट असलेल्या आदिवासी व स्थानिक समुदायांना मिळणारे संरक्षण. अशा मोबदल्याचा प्रस्ताव पापुआ न्यू गिनी व कोस्टा रिका यांनी २००५ च्या हवामान परिषदेत मांडला. पुढे त्यातून ‘रेड प्लस’ ही, जंगलतोड व वनऱ्हासातून होणारे उत्सर्जन घटवण्याची आंतरराष्ट्रीय चौकट उभी राहिली.

या संरक्षणाचा कणा म्हणजे मुक्त, पूर्व व माहितीपूर्ण संमती, म्हणजे दबावाविना, काम सुरू होण्याआधी व पूर्ण माहिती मिळाल्यावर दिलेला होकार. तिच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. काहीजण तिचे मूळ वैद्यकीय नीतिशास्त्रात, १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेपर्यंत नेतात. परंतु आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५७ च्या करारातच (क्र. १०७, कलम १२) मुक्त संमतीवाचून आदिवासींना राहत्या प्रदेशातून हलवू नये, असे म्हटले आहे, राष्ट्रीय सुरक्षा व आर्थिक विकासाच्या पळवाटाही त्याच कलमात आहेत. १९८९ च्या करारात (क्र. १६९, कलम १६) माहितीची अट जोडली गेली आणि संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्कांविषयीच्या २००७ च्या जाहीरनाम्यात (कलम १०) स्थलांतराबाबत तिन्ही अटी एकत्र आल्या. हा क्रम पाहता संकल्पना मुख्यतः जमिनीच्या प्रश्नातून वाढली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

मेक्सिकोतील कानकुन येथे २०१० च्या हवामान परिषदेत रेड प्लससाठी ठरलेल्या सात संरक्षक तत्त्वांत समुदायांच्या ज्ञानाचा व हक्कांचा आदर आणि पूर्ण, परिणामकारक सहभाग यांचा समावेश आहे. संमतीचा मात्र थेट उल्लेख नाही. २००७ च्या जाहीरनाम्याची केवळ नोंद घेतली आहे. ही उणीव गंभीर आहे, कारण अंमलबजावणी त्यामुळे देशोदेशीच्या कायद्यांवर व कार्बन प्रकल्प तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थांच्या नियमांवर सोपवली जाते.

जमीन सरकारी दप्तरी आणि वहिवाट समुदायाची, अशा ठिकाणी कार्बनवर मालकी कोणाची, हा वाद उभा राहतो. फिरत्या शेतीत हा प्रश्न विशेष बिकट होतो. पीक काढून पडीक सोडलेल्या तुकड्यावर काही वर्षांत पुन्हा रान माजते. पण एखाद्याच वर्षीच्या उपग्रहचित्रात तो तुकडा जंगलतोड म्हणून मोजला जाऊ शकतो. मग आजवर जंगल राखणाऱ्यांच्याच शेतीवर बंदी येते. कार्बनचा करार कित्येक दशकांचा असल्याने गावप्रमुखाची एक सही संमती म्हणून पुरेशी मानता येत नाही.

लाभवाटपाचे एक ठळक उदाहरण दक्षिण अमेरिकेतील गयानाचे: तेथे कार्बन क्रेडिटच्या (रोखलेल्या वा शोषलेल्या कार्बनच्या विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांच्या) उत्पन्नातील किमान १५ टक्के वाटा आदिवासी गावांसाठी राखला आहे. ब्राझीलमधील सुरुई या आदिवासी लोकांचा स्वतःचा वनकार्बन प्रकल्प मात्र त्यांच्या प्रदेशात अवैध खाणकाम व जंगलतोड वाढल्याने २०१८ मध्ये थांबला. प्रदेशाचे बाहेरच्यांपासून रक्षण करण्याची जबाबदारी राज्यसंस्थेने पार पाडली नाही, तर समुदायाने स्वेच्छेने केलेला करारही टिकत नाही, हे त्यातून दिसते.