प्रकाशाची वाक आणि ताऱ्यांचा वेग: दीर्घिकांवर गुरुत्वाची परीक्षा

सूर्याच्या कडेलगतून येणारा ताऱ्याचा प्रकाश किती वळतो? १९१९च्या खग्रास ग्रहणाआधी याची दोन उत्तरं समोर होती. न्यूटनच्या हिशोबाने ०.८७ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), आइन्स्टाइनच्या हिशोबाने १.७५. जादाचा अर्धा वाटा अवकाशाच्या वक्रतेचा. ही वक्रता ‘गॅमा’ या राशीत मोजतात. व्यापक सापेक्षतेत गॅमा नेमका १ असतो. ब्राझीलमधलं सोब्राल आणि आफ्रिकेजवळचं प्रिन्सिपे बेट इथल्या ग्रहणाच्या छायाचित्रांनी आइन्स्टाइनच्या बाजूने कौल दिला. २००३ मध्ये शनीच्या मोहिमेवरच्या कॅसिनी यानाच्या रेडिओ मोजणीतून गॅमा लाखात काही भागांच्या अचूकतेने १ ठरला. पण हे सगळं सूर्यमालेतलं. १९९८ मध्ये विश्वाचं प्रसरण वेग घेतंय हे कळलं आणि लांब पल्ल्यावर गुरुत्वच वेगळं वागतं का, हा प्रश्न निकडीचा झाला.

मग सूर्याऐवजी अख्खी दीर्घिका घ्यावी लागते: तिचं गुरुत्व मागच्या दीर्घिकेचा प्रकाश भिंगासारखं वाकवतं. ही कल्पना खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३७ मध्येच मांडली होती. पहिलं भिंग सापडलं १९७९ मध्ये. दीर्घिकेचं वस्तुमान मात्र आधी ठाऊक नसतं, म्हणून ते दोनदा काढतात. ताऱ्यांचे वेग प्रकाशाच्या मानाने फारच कमी, त्यामुळे त्यांवरून काढलेल्या वस्तुमानात गॅमा येत नाही. आइन्स्टाइन कड्याच्या, म्हणजे मागच्या दीर्घिकेच्या वाकलेल्या प्रकाशाने भिंगाभोवती दिसणाऱ्या वर्तुळाच्या, त्रिज्येवरून काढलेल्यात येतो. दोन्ही आकडे जुळले तर गॅमा १.

२००६ मध्ये बोल्टन, रॅपापोर्ट आणि बर्ल्स यांनी १५ दीर्घिकांवरून गॅमा ०.९८ ± ०.०७ काढला. त्यात वस्तुमान केंद्रापासून कसं विखुरलंय आणि ताऱ्यांच्या कक्षा किती लांबट आहेत, हे बरंचसं गृहीत धरावं लागलं. भिंग जवळचं असेल तर यातलं पुष्कळसं थेट मोजता येतं. ईएसओ ३२५-जी००४ ही दीर्घिका म्हणूनच मोलाची: ताम्रसृती (प्रकाश लालीकडे किती सरकलाय, त्यावरून अंतर कळतं) फक्त ०.०३५, कड्याची त्रिज्या २.९५ विकला. हबलच्या चित्रांत कडं २००५ मध्ये दिसलं, पण मागच्या दीर्घिकेची ताम्रसृती, सुमारे २.१, मिळायला २०१३ उजाडलं. तिच्याशिवाय कड्यावरून वस्तुमान निघत नाही.

२०१८ मध्ये टॉमस कोलेट आणि सहकाऱ्यांनी चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीवरच्या म्यूज उपकरणाने या दीर्घिकेतल्या ताऱ्यांचे वेग ठिकठिकाणी मोजले. गॅमा आला ०.९७ ± ०.०९. इथे वेगाची मोजणी फार जपून करावी लागते: वस्तुमान वेगाच्या वर्गावर अवलंबून, आणि वस्तुमानांच्या गुणोत्तरातली चूक गॅमात पुन्हा दुप्पट होते. म्हणजे वेगात २ टक्के फरक पडला की गॅमात ८ टक्के. वेग काढतात तो दीर्घिकेचा वर्णपट ओळखीच्या ताऱ्यांच्या वर्णपटांशी जुळवून, आणि हा फरक मुख्यतः शिरतो तो त्यासाठी कुठल्या ताऱ्यांचे नमुने वापरले त्यातून. त्यामुळे नुसता जास्त वेळ दुर्बीण लावून तो जात नाही. नमुन्यांचे संच सुधारावे लागतात.