वर जाणं वेगळं, वर राहणं वेगळं: तिबेटच्या पठारावर माणूस टिकला कसा

लेहला पहिल्यांदा गेलो तेव्हा पहिल्या रात्री डोकं असलं ठणकत होतं की काय सांगू, कापूर हुंगून झाला, लसूण चावून झाली, ऑक्सिमीटर ८३ च्या वर जायलाच तयार नाही. आणि सकाळी बघतो तर गेस्टहाऊसच्या आमाले (तिकडे आईला आणि आईच्या वयाच्या बाईला असंच म्हणतात) दोन हातात पाण्याचे दोन भरलेले कॅन घेऊन जिना चढून आल्या, हसून 'जुले' म्हणाल्या आणि परत खाली गेल्या. धाप नाही, काही नाही. साठीच्या पुढच्या नक्की असतील. लेह आहे साधारण ३५०० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय.

आधी एक गैरसमज. वरच्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी नसतं, तिथेही २१ टक्केच असतो, पण हवेचा दाबच कमी असल्यामुळे एका श्वासात येणारा ऑक्सिजन घटतो, लेहला समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. मग आपली किडनी घाबरून सिग्नल देते की लाल पेशी वाढवा, आणि त्या वाढतात. थोडे दिवस हे बरं असतं, पण वर्षानुवर्षं असंच चाललं तर रक्त घट्ट होतं, हृदयावर ताण येतो, गरोदर बाईच्या पोटातल्या बाळापर्यंत रक्त नीट पोचत नाही. थोडक्यात, शरीराने काढलेला तोडगा हा पाहुण्याचा तोडगा आहे, घर करून राहणाऱ्याचा नाही.

हा फरक जुन्या लोकांनाही कळला होता. दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान काळातल्या चिनी इतिहासात पश्चिमेकडच्या वाटेवरच्या 'मोठी डोकेदुखी' आणि 'छोटी डोकेदुखी' नावाच्या डोंगरांचा उल्लेख आहे, तिथे माणसांनाच काय गाढवांनाही त्रास होतो म्हणे. आणि बोलिव्हियातलं पोतोसी घ्या. चांदीच्या खाणीपायी स्पॅनिश लोकांनी १५४५ मध्ये ४००० मीटरवर शहर वसवलं, पैसा धो धो आला, पण त्यांची मुलं तिथे जगेनात. बायका बाळंतपणाला खालच्या दऱ्यांमध्ये जायच्या. तिथे जन्मलेलं आणि जगलेलं पहिलं स्पॅनिश मूल शहर वसल्यानंतर तब्बल ५३ वर्षांनी, १५९८ च्या ख्रिसमसला, आणि तेही संताचा चमत्कार म्हणून तिथल्या बखरीत नोंदवलंय! आजूबाजूच्या मूळ रहिवासी बायकांची मुलं मात्र तिथेच वाढत होती, त्याला कोणी चमत्कार म्हटलं नाही.

आता तिबेट. इथली गोष्ट सुरू होते एका जबड्यापासून. १९८० मध्ये पठाराच्या ईशान्य कडेला, चीनच्या गान्सू प्रांतात, शियाहे भागातल्या बाइशिया गुहेत एक बौद्ध भिक्खू साधनेला गेला होता, त्याला तिथे मानवी जबड्याचा अर्धा तुकडा सापडला. गुहा ३२८० मीटरवर. तो तुकडा तिथल्या एका रिनपोचेंकडे (बौद्ध धर्मगुरूंकडे) गेला, त्यांच्याकडून लांजो विद्यापीठात, आणि मग कितीतरी वर्षं तसाच पडून राहिला. कारण दाढा प्रचंड मोठ्या, हनुवटी नाही, कुठल्या खात्यात टाकायचा कळेना. शेवटी २०१९ मध्ये निकाल आला, हाडावर चढलेल्या चुनखडीच्या पुटावरून वय किमान १,६०,००० वर्षं, डीएनए उरलेला नव्हता पण दाढेतल्या प्रथिनांवरून कळलं की हा आपल्यासारखा माणूस नाहीच, हा डेनिसोवन. निअँडरथल या नामशेष झालेल्या मानवजातीचा लांबचा भाऊबंद म्हणा. पुढच्याच वर्षी गुहेतल्या नुसत्या मातीतून त्यांचा डीएनए मिळाला आणि २०२४ मध्ये तिथल्या हजारो हाडांचा हिशोब मांडला गेला तेव्हा दिसलं की हे लोक भरल (ती निळसर जंगली मेंढरं), रानटी याक, मार्मोट, जे मिळेल ते सोलून, फोडून खात होते.

आपल्या जातीचा माणूस खूप नंतर वर आला. न्वया देवू नावाच्या ठिकाणी, ४६०० मीटरवर, ३० ते ४० हजार वर्षांपूर्वीची दगडी पाती सापडलीत, ढिगाने. पण ही येण्याजाण्याची जागा होती, चांगला दगड होता म्हणून यायचे, पाती काढायचे, शिकार करायचे, हवा फिरली की खाली. ल्हासाजवळ चुसांगला गरम पाण्याच्या झऱ्याकाठच्या मऊ चिखलात हातापायांचे ठसे उमटून दगड झालेत, किमान ७४०० वर्षांपूर्वीचे. त्यावरून संशोधकांत भांडण आहे. एक बाजू म्हणते की खालच्या वस्तीतून इथे येऊन परत जायलाच महिना दीड महिना लागेल, तेव्हा हे लोक इथेच बारा महिने राहत असणार. दुसरी म्हणते पुरावा तोकडा आहे. मला विचाराल तर थोडे लोक तेव्हा राहत असतीलही, पण गावंच्या गावं वसणं ही फार पुढची गोष्ट.

कारण पोट! पठाराच्या ईशान्य कडेला शेतकरी साधारण ५२०० वर्षांपूर्वी चढले, पण त्यांच्याकडे होतं राळ्यासारखं भरडधान्य, आणि त्याला कडाका सोसत नाही, त्यामुळे २५०० मीटरच्या आसपास गाडी अडली. मग पश्चिम आशियातून फिरत फिरत सातू (जव) आला, मेंढ्या आल्या, आणि ३६०० वर्षांपूर्वीपासून लोक ३००० मीटरच्या वर कायमचे राहायला लागले. गंमत म्हणजे तेव्हा हवामान थंड होत चाललं होतं, म्हणजे खाली उतरायच्या दिवसांत ही मंडळी वर चढली. भाजलेल्या सातूचं पीठ म्हणजे त्साम्पा, आपल्या सातूच्या पिठासारखंच, शिजवायची गरज नाही, लोणी घातलेल्या चहात कालवलं की झालं. जिथे झाडच नाही तिथे सरपण म्हणजे याकच्या वाळलेल्या गोवऱ्या, म्हणून हा न शिजवायचा मुद्दा वाटतो तेवढा छोटा नाही.

आणि रक्ताचं काय? २०१० मध्ये ५० तिबेटी लोकांची जनुकं वाचली गेली तेव्हा ईपास वन नावाच्या जनुकाचं एक खास रूप ८७ टक्के तिबेटींमध्ये दिसलं, हान चिन्यांमध्ये फक्त ९ टक्के. हे रूप असलं की वर राहूनही लाल पेशी बेसुमार वाढत नाहीत, रक्त पातळ राहतं. म्हणजे यांचं कौशल्य काही जास्त करण्यात नाहीये, जास्त न करण्यात आहे. मग २०१४ मध्ये बाँब पडला, हा तुकडा डेनिसोवनांच्या जनुकाशी जुळतो. कधीतरी दोन्ही जातींचा संकर झाला, ते लोक संपले, पण त्यांची ही एक चीज राहिली. तेव्हा एक कोडंही होतं, कारण डेनिसोवन माहीत होते ते सायबेरियातल्या ज्या गुहेमुळे, ती आहे जेमतेम ७०० मीटरवर, तिथल्या माणसाला असल्या जनुकाचं काय काम? त्या भिक्खूला सापडलेल्या जबड्याने या प्रश्नाला निदान पत्ता तरी दिला.

सगळीकडे हाच तोडगा निघाला असंही नाही. पेरूमध्ये कुन्काइचाला ४४८० मीटरवर १२,४०० वर्षांपूर्वी माणूस राहून गेलाय, पण अँडीजवाल्यांचं हिमोग्लोबिन आजही जास्त असतं आणि त्यातल्या काहींना त्याचाच आजार होतो, लिमाच्या कार्लोस मोंहे या डॉक्टरांनी तो १९२५ मध्ये मांडला. इथिओपियाच्या बाले डोंगरात तर ४० हजार वर्षांपूर्वीच लोक ३४०० मीटरवरच्या कपारीत बसून भल्यामोठ्या घुशीएवढे मोल रॅट भाजून खात होते.

मला सगळ्यात पटलेला अभ्यास मात्र बायकांचा आहे. नेपाळच्या उंच भागात राहणाऱ्या ४१७ तिबेटी वंशाच्या बायकांची, सगळ्या ४६ च्या पुढच्या, २०२४ मध्ये पाहणी आली, किती मुलं जिवंत जन्मली हे विचारलं आणि रक्त तपासलं. सरासरी पाचच्या वर मुलं. सगळ्यात जास्त मुलं झालेल्यांचं हिमोग्लोबिन फार नव्हतं आणि फार कमीही नव्हतं, मधलं होतं, पण त्या हिमोग्लोबिनमध्ये ऑक्सिजन भरलेला होता.

आणि कुत्र्यांचं राहिलंच. तिबेटी मॅस्टिफ माणसाबरोबर खालून वर आला तेव्हा त्यालाही हाच त्रास झाला असणार, त्याने तिथल्या लांडग्यांशी सोयरीक केली आणि त्याच ईपास वनचं डोंगरी रूप लांडग्यांकडून उचललं. आमालेंच्या अंगणातही एक असाच केसाळ काळा आडवा पडलेला असायचा, आम्ही धापा टाकत जिना चढायचो तेव्हा एक डोळा उघडून बघायचा.