एसीतला गॅस दरवर्षी ‘संपत’ नाही

एप्रिल उजाडला, विंडो एसी गार करेनासा झाला, की ठरलेलं निदान: ‘गॅस संपलाय, भरावा लागेल.’ अहो, तो काय गाडीतलं पेट्रोल आहे? बंद नळ्यांतून तोच गॅस फिरत राहतो. जळत नाही, झिजत नाही. कमी झालाच तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न बुजवता भरलेला गॅस पुन्हा उडणारच.

आधी पुढची जाळी काढून फिल्टर बघा. आमच्याकडे त्यावर गोधडीसारखी धूळ होती आणि आतल्या कॉइलवर चक्क बर्फ! एसी बंद ठेवून बर्फ वितळू दिला, फिल्टर धुऊन वाळवला, थंडावा परत. खिडकीबाहेरची कॉइलही धुळीनं, कबुतरांच्या पिसांनी बुजते; ती मेकॅनिककडूनच साफ करून घ्या. एवढं करून, पंखा नीट फिरत असूनही बर्फ धरलाच, तर गळती तपासायला सांगा.