नॉकिंग की लीन? टर्बो गाडी चढावर खडखडते तेव्हा

गोव्यातलं केरी सोडून चोर्ला घाटाची चढण लागली की माझी टर्बो पेट्रोल गाडी तिसऱ्या गियरमध्ये खडखडायला लागायची. पत्र्याच्या डब्यात चार खडे टाकून हलवावेत तसा बारीक, टणक आवाज, आणि पाठोपाठ पिकअप गळून जायचा. बेळगावात परतल्यावर पहिल्या गॅरेजमधले मेस्त्री म्हणाले, "नॉक मारूलालीय वो, महागातलं पेट्रोल घाला." दुसरे म्हणाले, "लीन चाललीय, पंप बदला." दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं, पण कोणता दोष आधी सुरू झाला हे दोघांनीही तपासलं नाही. माझं नुकसान झालं ते तिथेच, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

नॉकिंग ही घटना आहे. प्लगने ठिणगी टाकली की ज्योत मधून कडेकडे पसरत जाते. कडेला उरलेलं, अजून न जळलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने ज्योत पोहोचायच्या आतच आपोआप पेटलं, तर दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात. कानाला येते ती त्या आदळण्याची खणखण. ती साधारण ६ ते ७ हजार हर्ट्झची असते, आणि ती ऐकायला इंजिनच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर बोल्टने आवळलेला असतो. त्याने खबर दिली की इंजिनचा कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो, म्हणजे टायमिंग मागे घेतो. पिकअप गळतो तो यामुळे.

लीन ही अवस्था आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने हवेचे १४.७ भाग लागतात. या प्रमाणाला लॅम्डा १ म्हणतात. हवा त्याहून जास्त, म्हणजेच पेट्रोल कमी, तर मिश्रण लीन. हलक्या पायाने सपाट रस्त्यावर जाताना मिश्रण थोडंसं लीन झालं, तर गाडी मिसिंग मारेल, बारीक झटके देईल, पण इंजिन लगेच काही मरत नाही. इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो जोरात फिरू लागला की मात्र हिशोब बदलतो. पूर्ण लोडवर बऱ्याच इंजिनांत कंपनी मुद्दाम जास्त पेट्रोल देते, लॅम्डा ०.८ ते ०.९ च्या दरम्यान ठेवते. बाष्प होताना ते जादा पेट्रोल आतली उष्णता शोषून घेतं. त्यामुळे सपाटीवर अगदी बरोबर असलेला लॅम्डा १ हाच आकडा चढावर, ०.८५ मागितलेलं असताना, धोक्याचा ठरतो. गोंधळ इथेच होतो. गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणाऱ्या स्कॅनरवर "१.० आहे, ठीक आहे" असं वाचून लोक मोकळे होतात. पाहायचा असतो तो कॉम्प्युटरने मागितलेला आकडा आणि प्रत्यक्षात मिळालेला आकडा, दोन्ही शेजारीशेजारी.

आता दोघांची गाठ कुठे पडते ते पाहू. लोडवर मिश्रण लीन झालं की आतली उष्णता वाढते आणि त्यातून नॉकिंग सुरू होतं. उलट दिशेने मात्र तसं घडत नाही. नॉकिंगमुळे गाडी लीन होत नाही. आणि मिश्रण अगदी अचूक असतानाही नॉकिंग होऊ शकतं: पिस्टनवर साचलेला कार्बन, चिखलाने बुजलेला इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर), कमी ऑक्टेनचं (नॉकिंग कमी रोखणारं) पेट्रोल, चुकीच्या हीट रेंजचा (गरजेपेक्षा जास्त तापणारा) प्लग, तापलेलं कूलंट. यातल्या एकालाही पेट्रोलच्या पंपाचा इलाज चालत नाही.

नुसत्या कानाने ओळखायचं असेल तर एवढंच सांगेन: नॉकिंगचा आवाज जोर लागतो तेव्हाच येतो आणि पाय उचलला की क्षणात थांबतो. लीनला बहुतेक वेळा स्वतःचा आवाजच नसतो. असते ती धाप, पाय दाबूनही पुढे न जाणं, कधी इनटेकमधून फट्‌ असा उलटा आवाज. पण लीनमुळेच नॉकिंग सुरू झालं असेल तर कान फसतो, कारण खणखण तीच.

बेळगावचा एक मुद्दा. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे, इथल्या हवेचा दाब गोव्याच्या किनाऱ्यापेक्षा साधारण आठ टक्क्यांनी कमी. टर्बो नसलेल्या इंजिनाला या विरळ हवेमुळे नॉकिंगपासून थोडी सुटका मिळते, कारण सिलिंडर मुळात कमी भरतो. टर्बोला ती सवलत नाही. मागितलेला दाब पुरा करायला तो जास्त जोरात फिरतो, हवा जास्त दाबतो, आणि सायकलला हवा भरताना पंपाचं तोंड तापतं तशी ती हवा तापते. म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात घाटमाथ्यावर नॉकिंगचा संशय घ्यायला जागा आहे. "उंचीमुळे लीन झालीय" हे मात्र इंजेक्शनच्या गाडीबाबत मान्य करू नका. कॉम्प्युटर हवेचं माप घेऊनच पेट्रोल बेततो, आणि जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या तर उंचीवर उलट रिच, म्हणजे पेट्रोल जास्त झालेल्या, व्हायच्या.

पेट्रोलबद्दलही आपल्याकडे बरंच बोललं जातं. निपाणीचं चांगलं की कागलचं, हा वाद मी कॉलेजपासून ऐकतोय. मानक दोन्हीकडे एकच आहे. खरा बदल झाला तो वीस टक्के इथेनॉलमुळे, आणि ते इथेनॉल आपल्याच पट्ट्यातल्या उसापासूनही बनतं. शुद्ध इथेनॉलला एका भागाला हवेचे फक्त ९ भाग पुरतात, त्यामुळे वीस टक्क्यांच्या मिश्रणाला १४.७ ऐवजी सुमारे १३.५ चं प्रमाण लागतं. म्हणजे नुसत्या पेट्रोलवर बेतलेल्या गाडीला आठ-नऊ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. स्कॅनरवर तेवढा अधिक ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटरने वाढवलेलं पेट्रोल, दिसला तर तो बिघाड नव्हे. दुसरीकडे इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्या वर असल्याने नॉकिंगला ते विरोधच करतं. या इंधनाने गाडी किंचित लीनकडे झुकते आणि नॉकिंगपासून मात्र दूर जाते. दोन्ही दोष एकाच दमात इथेनॉलवर ढकलणाऱ्याने हे तपासून पाहावं.

आता स्कॅनर. फोनला जोडणारा ब्लूटूथचा छोटा स्कॅनरही चालतो, पण गाडी गॅरेजमध्ये उभी ठेवून काही कळणार नाही. आवाज येतो त्याच चढावर, शेजारी दुसऱ्याला बसवून, नोंद घ्यायला हवी. कोड पाहा, पण कोडवर थांबू नका. पी ०१७१ म्हणजे मिश्रण लीन. पी ०३२५ म्हणजे नॉक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष, नॉकिंग झालं असा त्याचा अर्थ नव्हे. हा कोड वाचून इंजिन उघडायचा सल्ला मिळालेले लोक मला माहीत आहेत.

फ्युएल ट्रिम म्हणजे कॉम्प्युटर स्वतःहून पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय ते. अधिक-उणे दहाच्या आत असेल तर चिंता नाही, अधिक २५ च्या आसपास बहुतेक गाड्या चेक-इंजिनचा दिवा पेटवतात. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) ट्रिम जास्त आणि वेगात कमी होत असेल, तर कुठेतरी न मोजलेली हवा शिरतेय. आयडलला ठीक आणि लोडवर चढत असेल, तर पेट्रोल पुरत नाही: जाळी, फिल्टर, पंप, इंजेक्टर. आत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर मळला असेल तरी लोडवर असंच दिसतं. काही गाड्या पूर्ण लोडवर एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरचं (मिश्रण लीन की रिच ते हाच सांगतो) ऐकणंच थांबवतात, तेव्हा ट्रिम शून्यावर गोठतो. त्या शून्याला तंदुरुस्ती समजू नका.

टर्बोच्या पाइपांबद्दल तर फारच चुकीचं सांगितलं जातं. एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीत टर्बोच्या पुढचा, इंटरकूलरकडचा पाइप फाटला, तर मोजलेली हवा बाहेर जाते आणि लोडवर मिश्रण रिच होतं, लीन नाही. सेन्सर आणि टर्बो यांच्यामध्ये फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण लीन होतं. "पाइप फाटलाय म्हणून लीन" असं कुणी म्हटलं की कुठला पाइप, हे आधी विचारा.

खोटे पुरावेही असतात. एक्झॉस्टला ऑक्सिजन सेन्सरच्या आधी चीर असेल तर बाहेरची हवा शिरून सेन्सर लीन दाखवतो, मिश्रण नीट असलं तरी. एखादा सिलिंडर मिस करत असेल तर न जळलेला ऑक्सिजनही तेच करतो. नॉक सेन्सरला सैल हीट शील्डचा खडखडाट नॉकिंग वाटू शकतो, आणि त्याचा स्वतःचा बोल्ट नीट आवळलेला नसेल तर खरं नॉकिंग ऐकूच येत नाही. बऱ्याच सेन्सरांना सुमारे २० न्यूटन-मीटर लागतं. अंदाजाने आवळू नका.

माझ्या गाडीत टायमिंग, लॅम्डा आणि फ्युएल रेलचा (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचा) दाब अशा तीन ओळी एकाखाली एक ठेवून चोर्ल्याची तीच चढण पुन्हा चढलो. आधी रेलचा दाब मागणीपेक्षा खाली घसरला. मग लॅम्डा ०.८८ वरून १ च्या पुढे गेला. आणि त्यानंतर टायमिंग मागे आलं. म्हणजे नॉकिंग खरं होतं, पण ते शेवटी आलं होतं. दाब आणि लॅम्डा जागच्या जागी राहून फक्त टायमिंग मागे आलं असतं, तर मी कार्बन, इंटरकूलर आणि प्लग शोधत बसलो असतो. टाकी उघडली तेव्हा पंपाच्या तळाची जाळी गाळाने भरलेली निघाली. पंप चांगला होता.

त्याआधीचे दोन महिने मी महागातलं पेट्रोल घालत होतो. त्याने आवाज बराच दबला होता आणि मी निर्धास्त झालो होतो. लीन मात्र तशीच चालू होती. प्लग काढले तेव्हा तिन्ही प्लगांची पोर्सलेन पांढरीफटक होती आणि एकावर ॲल्युमिनियमचे मोहरीहून बारीक, चकाकते कण चिकटले होते. त्या सिलिंडरमध्ये कॅमेरा सोडला, तर पिस्टनची कड टाचणीने टोचल्यासारखी खडबडीत झालेली दिसली. कॉम्प्रेशन अजून टिकून आहे, म्हणून पिस्टन बदललेला नाही. चोर्ला आता मी दुसऱ्या गियरमध्ये, इंजिनचे फेरे वर ठेवून चढतो, आणि रेलच्या दाबाचा आकडा डॅशबोर्डवरच्या फोनवर समोर असतो.